ठोका चुकत नव्हता

गुरुजींची आणि माझी ओळख हॅनोव्हरच्या दिवाळीतली. विद्यापीठातल्या आपल्या मुलामुलींनी छोटासा कार्यक्रम ठेवला होता. पीएचडी करणारी एक मुलगी भावगीतं म्हणत होती आणि तबल्याला दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून मी बसलो होतो. कार्यक्रम संपल्यावर चकलीची प्लेट हातात धरून एक उंच, पांढऱ्या दाढीचे आफ्रिकन गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"हात चांगले आहेत तुझे," ते जर्मनमध्ये म्हणाले. "कान बिघडलाय. गुरुवारी ये, दुरुस्त करू."

ते घानाचे. तरुणपणी शिकायला जर्मनीत आले, जॅझच्या बँडमध्ये ड्रम वाजवले, पुढे निवृत्तीपर्यंत विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवला. पश्चिम आफ्रिकेतले ताल गुलामांच्या जहाजांतून पलीकडे कसे गेले आणि तिथे त्यांचं काय झालं, हा त्यांचा जन्मभराचा विषय. लोक त्यांना प्रोफेसर म्हणत. मी मनातल्या मनात गुरुजी म्हणायचो. तबला शिकलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचत नाही.

एका चर्चच्या तळघरातला हॉल त्यांना दर गुरुवारी संध्याकाळी मिळायचा. तिथे आम्ही चौघे जमायचो. कोंगा ढोल वाजवणारी एक क्यूबन बाई, सॅक्सोफोन वाजवणारा एक जर्मन शाळामास्तर, मी आणि गुरुजी. गुरुजींच्या हातात घंटा असायची. देवळातली नव्हे. लोखंडाचे दोन निमुळते पोकळ तुकडे, एक लहान, एक मोठा, देठाशी जोडलेले. आत लोलक नाही, बाहेरून काठीनं वाजवायचं. बारा मात्रांत सात ठोके, कमीजास्त अंतरांवर पडणारे, आणि सुरुवात झाली की शेवटपर्यंत तेच. ढोल हवे तिथे जातात, नाचणारे हवे तिथे जातात, घंटा जागची हलत नाही.

माझं घोडं समेवर अडायचं. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की कुठेही भटका, समेवर या. तिहाई घ्या, या, लोक मान डोलावतील. त्यांच्या तालात असं येण्याचं ठिकाणच नाही. मी आपला दर थोड्या वेळानं कुठेतरी येऊन पोचायचो आणि माझ्याबरोबर बाकीचे अडखळायचे.

"हेर इंगेनियूर पुन्हा स्टेशनवर उतरले," मी इंजिनियर म्हणून मला तसं चिडवत गुरुजी वाजवणं न थांबवता म्हणायचे. "अरे, ही गाडी थांबत नाही. चढ परत."

क्यूबन बाई खो खो हसायची. तिच्या देशातल्या सगळ्या संगीताच्या मुळाशी पाच ठोक्यांचा एक ठेका आहे, दोन लाकडी दांड्यांवर वाजवतात तो. गुरुजींनी पहिल्यांदा घंटेवरून त्या ठेक्यापर्यंत, एकेक ठोका हळूहळू सरकवत, तिला नेलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं मास्तरनं मला सांगितलं. मास्तरला ते निराळं काही शिकवायचे. ब्लूजमधला तो ना कोमल ना शुद्ध असा गंधार, पियानोच्या दोन पट्ट्यांच्या फटीत बसलेला, तो कुठल्या गायकीतून आला ते गाऊन दाखवायचे. एकजण हाळी देतो आणि बाकीचे ओढून उत्तर देतात, ती पद्धत शेतातून चर्चमध्ये आणि चर्चमधून जॅझमध्ये कशी गेली ते सांगायचे. मी म्हटलं, आमच्याकडे पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात. ते म्हणाले, "असणारच. एकट्यानं गाणारी माणसं फक्त युरोपात झाली."

पण या सगळ्याला 'आनंदाचं संगीत' म्हटलेलं त्यांना खपत नसे. एकदा चर्चच्या पाद्रीबाईंनी तसं म्हटलं, तेव्हा ते हसले आणि त्या गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाले, "जहाजात चढवताना सगळं काढून घेतलं. नाव, देव, भाषा, बायको, पोरं. पुढे अमेरिकेत ढोलसुद्धा काढून घेतले, कारण ढोलानं निरोप जातात अशी मालकांना भीती. हात तेवढे ठेवले, कारण हात कामाला हवे होते. मग हातांत जे होतं ते उरलं. लोकांना वाटतं हा सण आहे. हे जळीत घर आहे. जळालं नाही तेवढं तुम्ही ऐकताय."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं, घरी येऊन बायकोला सांगितलं, ऑफिसात एकाला सांगितलं. ते मला कळलं आहे असं मला वाटत होतं.

मी मूळचा अलिबागकडचा. मुरुडच्या जंजिऱ्याची आणि तिथल्या सिद्दींची गोष्ट मी त्यांना सांगितली, की आफ्रिकेतून आलेली माणसं आमच्या किनाऱ्यावर राज्य करून गेली, त्यांचे वंशज अजून आहेत. गुरुजींनी घंटा खाली ठेवली. "तुमच्याकडेही पोचले?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. पुढच्या एका गुरुवारी मी बोलता बोलता जंजिऱ्याचं नाव काढलं, तर त्यांनी पुन्हा घंटा खाली ठेवली. "तुमच्याकडेही पोचले?" तोच चेहरा, तोच आनंद. मला वाटलं, त्यांना ती गोष्ट पुन्हा ऐकायला आवडते. मी पुन्हा सांगितली. त्यानंतर किती वेळा सांगितली ते आता मोजण्यात अर्थ नाही.

मला कधी दिसायला लागलं, हे मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आहे. उन्हाळ्यात ते मास्तरला त्याच्या नावाऐवजी दुसऱ्याच कोणाच्या नावानं हाक मारत होते, बँडमधल्या जुन्या मित्राच्या बहुतेक. सप्टेंबरमध्ये ते एकदा आलेच नाहीत, म्हणून मी शोधायला निघालो, तर ट्रामच्या उलट्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवर पिशवी पोटाशी धरून उभे होते. ट्राम येत होत्या, जात होत्या. पायात घरातल्या सपाता होत्या. मी म्हटलं, "चला, उशीर झाला." ते म्हणाले, "तुझीच वाट पाहत होतो." मी ते खरं मानलं. तसं मानणं मला सोयीचं होतं.

कारण हॉलमध्ये पोचून, कोट न काढता त्यांनी घंटा उचलली आणि ठोका अचूक. संध्याकाळभर अचूक. मी मुद्दाम आड लयीत जाऊन पाहिलं, क्यूबन बाईनं लय ओढून पाहिली. सुईएवढा फरक नाही. ट्राममधून घरी जाताना मी मनाशी म्हणत होतो, ज्याची लय अशी शाबूत आहे त्याचं डोकं कसं जाईल?

हे आमचं शिक्षण. लहानपणापासून आम्ही माणूस लयीवरून ओळखतो. अमका म्हातारा झाला, बोळकं झालं, पण लय पहा, असं कौतुकानं सांगतो. लय पक्की म्हणजे माणूस पक्का. दुसऱ्या कोणी, एखाद्या डॉक्टरनं, शेजारणीनं, सपाता पाहिल्या असत्या. मी मात्रा मोजत होतो.

माझ्या बायकोनं मात्र पाहायचं ते पाहिलं. त्यांना एकदा घरी जेवायला बोलावलं होतं. ती वरणभात वाढत होती, गुरुजी हात धुवायला म्हणून उठले आणि बराच वेळ आले नाहीत. तिनं जाऊन पाहिलं तर आमच्या बेडरूममध्ये कपाटाकडे तोंड करून उभे. तिनं हात धरून आणलं. जेवण झाल्यावर मी टेबलावर ठेका धरला, त्यांनी धरला, छान रंगलं. ते गेल्यावर ती भांडी आवरत म्हणाली, "अहो, त्यांना कोणी बघायला आहे का?"

"मुलगी आहे कोलोनला."

"तिला कळवा. त्यांना आपण कुठे आहोत तेच कळत नव्हतं."

"आपलं घर त्यांना नवीन, गोंधळले असतील. वाजवताना पाहिलंस ना?"

"वाजवताना पाहिलं. कपाटापुढे पण पाहिलं. तुम्ही एकच काय ते पाहिलंत."

मी चिडलो. तुला संगीतातलं काय कळतं, असंही म्हणालो. तिनं उरलेलं वरण डब्यात काढलं आणि झोपायला निघून गेली.

ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मुलीचा फोन आला. ती वकील आहे, पन्नाशीकडे आलेली, घाईत पण व्यवस्थित बोलणारी. तिला माझा नंबर मास्तरनं दिला होता.

"तुम्ही त्यांना दर आठवड्याला भेटता," ती म्हणाली. "मी दीड-दोन महिन्यांनी. माझ्यासमोर ते ताठ बसतात, विनोद करतात, मला घालवून देतात. डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. इथे माझ्या घराजवळ एका हाइममध्ये, चांगल्या वृद्धाश्रमात, जागा झाली आहे. शुक्रवारपर्यंत हो म्हणावं लागेल, नाहीतर ती दुसऱ्याला देतील. मी हो म्हटलं तर ते मला आयुष्यभर माफ करणार नाहीत. म्हणून तुम्हाला विचारते आहे. ते एकटे राहू शकतात का?"

मी खिडकीपाशी उभा होतो. खाली कोणीतरी पानांचा ढीग करत होतं. मला ट्रामचा प्लॅटफॉर्म आठवला, कपाट आठवलं. सगळं आठवलं, हे लिहायला हवं. विसरलो होतो असं म्हणायची सोय मला नाही.

"गेल्या गुरुवारी तुम्ही त्यांना ऐकायला हवं होतं," मी म्हणालो. "एकही ठोका चुकला नाही."

"म्हणजे ते बरे आहेत?"

"वय झालंय. पण बरे आहेत."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "तुम्ही म्हणताय म्हणून," ती म्हणाली. "थँक्यू. खरंच थँक्यू."

मी असं का बोललो? लय शाबूत म्हणून, हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं असं की ते कोलोनला गेले असते तर गुरुवार बंद पडले असते. ऑफिसात आमचा विभाग आकसत चालला होता आणि माझ्याकडे फारसं काम राहिलं नव्हतं. माझी मुलगी म्युनिकला गेली होती. मी फोनवर मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये 'या, पापा, आलेस गूट', हो बाबा, सगळं ठीक, म्हणून ठेवून द्यायची. या देशात मला कोणी चिडवतं, नावं ठेवतं, चढ परत म्हणतं, असं एकच तळघर होतं. मी एका म्हाताऱ्या माणसाच्या बदल्यात माझी संध्याकाळ राखली. तेव्हा हे मला इतकं स्पष्ट दिसत नव्हतं, पण अंधुक दिसत होतं, आणि मी दिवा लावला नाही.

जानेवारीत एका सकाळी मास्तरचा फोन आला. गुरुजींनी शेगडीवर तेल ठेवलं होतं आणि ते दुसऱ्या खोलीत गेले होते. धूर आल्यावर परत आले आणि पेटलेलं पातेलं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं. शेजारच्या बाईनं धुराचा वास येऊन दार वाजवलं, त्यांनी दार उघडलं, पण काय झालं ते त्यांना सांगता येईना. ते तिच्याशी एव्हे भाषेत, आपल्या लहानपणच्या भाषेत, बोलत होते.

मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा मुलगी कोलोनहून आली होती. कोट अंगावरच होता. खोलीत गुरुजी डोळे मिटून पडले होते आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले.

"डॉक्टर म्हणतात, हे एका रात्रीत झालेलं नाही," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "म्हणतात, वर्षभर तरी चाललं असणार. जवळच्या कोणाला दिसलं नाही का, असं मला विचारलं त्यांनी."

मी त्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहत होतो.

"तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. सपाता, प्लॅटफॉर्म, जंजिऱ्याची गोष्ट पुन्हा पुन्हा, कपाट. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, कोर्टात साक्ष ऐकावी तशी. संपल्यावर म्हणाली, "गेनाऊ. बरोबर हेच मी विचारलं होतं." आणि नर्सशी बोलायला निघून गेली.

हाइममधली ती पहिली जागा केव्हाच गेली होती. दुसरी मिळेपर्यंत त्यांना एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात हलवत राहिले. त्यात जर्मन गेली, इंग्रजी गेली. ज्या भाषांत त्यांनी आयुष्यभर शिकवलं त्या आधी गेल्या. राहिली ती एव्हे, आणि त्या बाजूला ती कोणाला येत नव्हती.

मार्चअखेर मी कोलोनला गेलो. येऊ का असं मुलीला विचारलं होतं. तिनं 'हो' एवढंच लिहिलं होतं.

ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. जखमा भरल्या होत्या. तळहातांची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती. मी समोर बसलो, नमस्कार केला, गुरुवारच्या लोकांची खुशाली सांगितली. ते माझ्या ओठांकडे पाहत होते, डोळ्यांकडे नाही. जंजिऱ्याचं नाव घेऊन पाहिलं. काही नाही.

तिथे मी तबला, ताल काही काढायचा नाही, असं ट्रेनमध्ये पक्कं ठरवलं होतं. पण त्या शांततेत मला बसवेना. मी बोटानं टेबलावर त्यांचे सात ठोके सुरू केले. पहिलं आवर्तन संपायच्या आत त्यांची बोटं हलली. तीच अंतरं, तोच भार. मी जरा पुढे पळालो, ते पळाले नाहीत. मलाच परत यावं लागलं.

औषधांची ट्रॉली घेऊन आलेली तरुण नर्स दारात थांबली. "आख, आज किती छान आहेत! तुम्हाला ओळखलं त्यांनी!"

मी हात काढून घेतला. त्यांचा चालूच राहिला. मी विचारलं, "पाणी हवं?" ग्लास पुढे केला. ते ग्लासकडे पाहत राहिले आणि बोटं टेबलावर पडत राहिली. माझ्यासाठी नाही, कोणासाठीच नाही. जळालं नाही तेवढं. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

मी बाहेर आलो तर मुलगी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती. तिनं दाराच्या काचेतून पाहिलं असणार.

"वाजवत होते," ती म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदाच मऊ झालेला मी पाहिला. "बरोबर वाजवत होते ना? तुम्हाला कळतं."

"हो. अगदी बरोबर."

"हॅनोव्हरचा फ्लॅट मी अजून सोडलेला नाही. भाडं भरते आहे. मला वाटतं, बाई ठेवली, शेगडी काढून टाकली, तर उन्हाळ्यात थोडे दिवस तरी... आपल्या वस्तूंत, आपल्या ढोलांत. तुम्ही लोक गुरुवारी तिथेच याल. काय वाटतं तुम्हाला?"

ऑक्टोबरमध्ये तिला जे ऐकायचं नव्हतं ते मी बोललो नव्हतो. आता तिला जे ऐकायचं होतं ते माझ्या तोंडाशी आलं होतं. गुरुवार, तेच ढोल, तेच लोक. नुसतं 'हो' म्हटलं की झालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी मला ओळखलं नाही. ग्लास कशाला असतो ते त्यांना कळत नाही. बोटं हलतात, तेवढंच उरलंय. घराला ते ओळखणार नाहीत. सोडून द्या फ्लॅट."

ती भिंतीपासून सरळ झाली.

"मग त्या वेळी हे बोलायला काय झालं होतं?"

"गुरुवार बंद पडले असते."

तिला ते कळायला क्षणभर लागलं. "गुरुवार," ती म्हणाली. रागानं नाही. एखाद्या परक्या भाषेतला शब्द उच्चारून पाहावा तसं.

"फ्लॅट रिकामा करायला मी येतो," मी म्हणालो. "सामान जड आहे. ढोल..."

"नको. तुम्ही येऊ नका."

संध्याकाळच्या जेवणाचे ट्रे आले. तिनं एक घेतला, दार खांद्यानं ढकललं आणि आत गेली. दार नीट लागलं नाही. मी निघायला हवं होतं, पण उभा राहिलो. ती त्यांच्यासमोर बसली, चमच्यानं सूप त्यांच्या ओठांशी नेलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "तोंड उघडा, पापा." त्यांनी उघडलं नाही. लहानपणी ते एव्हेत बोलायचे आणि ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची, असं तिनंच मला हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. आता ती त्या भाषेतला एक शब्द शोधून, अडखळत, म्हणाली. पुन्हा म्हणाली. उच्चार बरोबर होता की नाही, तिला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. चमच्यातलं सूप गार होत होतं. ती तो एकच शब्द वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून पाहत होती आणि तोंड मिटलेलंच होतं.